मूल अडचणीत आहे, दार कोणाचं ठोठवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हाला फोनवर विचारले जातात, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर विचारले जातात, पालकसभा उठल्यावर कोपऱ्यात घेऊन विचारले जातात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात भीती असते. भावकीत वैर येईल, पोलिसांच्या चकरा मागे लागतील, मुलीचं नाव खराब होईल. त्यामुळे माणूस गप्प बसतो आणि मूल तसंच राहतं. उत्तरं महाराष्ट्रातली गावं डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. शहरात जिथे वेगळी व्यवस्था आहे तिथे तसं सांगितलं आहे.

मुलांचं संरक्षण हे पोलिसांचं आणि सरकारचं काम. त्यात ग्रामपंचायतीचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि तो कायद्यानेच जोडलेला आहे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते. गावात होणारा बालविवाह थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाकडे आहे (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे). शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये ‘स्थानिक प्राधिकरण’ असा शब्द आहे. त्यात ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका सगळ्या येतात. आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं आणि ते शाळेत दाखल होतं का, रोज जातं का, शिक्षण पूर्ण करतं का यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत एकदा उभं राहून विचारा, गेल्या वर्षी हे १० टक्के कशावर खर्च झाले? हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही.

गावात बाल संरक्षण समिती असते म्हणतात. आमच्याकडे तर कोणी पाहिली नाही.

कागदावर बहुधा असेल. ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. अंगणवाडीत जाऊन ‘समितीचं बैठकीचं रजिस्टर दाखवा’ म्हणा. रजिस्टर कोरं असेल तर ग्रामसभेत समिती नव्याने उभी करण्याचा ठराव मांडा. मात्र यात अंगणवाडी सेविकेला एकटीला धारेवर धरू नका. गावातलं कोणतं घर अडचणीत आहे हे सगळ्यात आधी तिला कळतं, पण सरपंचाच्या नात्यातलं प्रकरण असलं की तिच्यावर जे दडपण येतं ते आम्ही जवळून पाहिलं आहे. तिच्यामागे चार बायका उभ्या राहिल्या की समिती आपोआप चालायला लागते.

आमच्या गल्लीत पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका वाटून झाल्या. आता काय करता येईल?

आत्ता, आजच, १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. फोन फुकट आहे आणि दिवसरात्र लागतो. रात्र असेल आणि हळद लागलेली असेल तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लाही फोन करा. मुलीचं नाव, गाव, शाळा, लग्नाची तारीख आणि ठिकाण, एवढं सांगितलं तरी पुरतं.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. शहरात ही जबाबदारी नागरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असते. ‘मला कोणी सांगितलं नाही’ हे उत्तर त्यांना देता येऊ नये म्हणून फोनबरोबर एक साधा अर्जही द्या. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि सही घ्या. ही पोच जपून ठेवा. या पानावर आम्ही पोच हा शब्द पुन्हा पुन्हा वापरणार आहोत. तोंडी सांगितलेलं काम तोंडातच विरतं, हे बघत आमची वर्षं गेली.

पुढे सहसा असं घडतं. ग्रामसेवक, पोलिस आणि अंगणवाडी सेविका घरी जातात. वयाचा पुरावा मागतात. घरचे आधार कार्ड पुढे करतात. पण बाल न्याय कायद्यात वय ठरवण्याचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीत नाही. मुख्याध्यापकांकडून निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत) मिळाला की वयाचा वाद बहुतेक वेळा मिटतो.

मग आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, की मुलगी १८ ची होईपर्यंत लग्न करणार नाही. फोटो निघतो, बातमी येते, ‘बालविवाह रोखला’. आमचं ठाम मत आहे की इथे थांबणं धोक्याचं आहे. मंडप उठतो आणि आठ दिवसांनी मामाच्या गावी, देवळात, पाच माणसांत अक्षता पडतात. म्हणून हमीपत्रावर न थांबता दोन गोष्टींचा आग्रह धरा. एक म्हणजे न्यायालयाचा मनाई आदेश. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तो बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली देऊ शकतात. त्यासाठी प्रतिबंधक अधिकारी अर्ज करू शकतात आणि कोणीही सामान्य माणूससुद्धा तक्रार करू शकतो. हा आदेश असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. दुसरी गोष्ट, मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करणं (ही जिल्ह्याची समिती, तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे). लग्नाच्या तोंडावर असलेली अल्पवयीन मुलगी कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. समितीपुढे गेली की तिची फाईल उघडते आणि पुढे तिच्याकडे कोणी ना कोणी बघत राहतं.

अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामुदायिक लग्नं लागतात. त्यात बालविवाह होऊ नयेत म्हणून कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांनाच प्रतिबंधक अधिकारी मानलं आहे. तुमच्या भागात असे विवाहसोहळे होत असतील तर पंधरा दिवस आधीच जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन ठेवा.

लग्न लागून गेलं असेल तर सगळं संपलं का?

नाही. लग्न लागलं तरी गुन्हा गुन्हाच राहतो. लग्न लावणारे, ठरवणारे आणि त्यात सामील होणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. बायकांना मात्र या कायद्यात कैद होत नाही. त्यामुळे ‘तुझ्या आईला तुरुंगात टाकतील’ असं सांगून मुलीचं तोंड कोणी बंद करत असेल तर तिला हे जरूर सांगा.

मुलीला ते लग्न नको असेल तर जिल्हा न्यायालयातून ते रद्द करून घेता येतं. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत तिला अर्ज करता येतो. लग्न रद्द झालं तरी तिचा पोटगीचा हक्क राहतो आणि मूल झालं असेल तर ते औरसच मानलं जातं.

एक कळकळीची विनंती. अशी मुलगी गरोदर असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं आहे, पण तिला उपचार नाकारता येत नाहीत. घरीच बाळंतपण उरकण्यात त्या कोवळ्या पोरीच्या जिवाला धोका आहे.

तक्रार कोणी केली हे गावाला कळेल का?

१०९८ वर नाव न सांगताही माहिती देता येते. लेखी अर्जात ‘माझी ओळख गुप्त ठेवावी’ असं स्पष्ट लिहा. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) स्वच्छ सांगतो की चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही.

तुम्ही मात्र मुलाची ओळख कुठेही फोडू नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो किंवा शाळेचं नाव टाकणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मदतीच्या उत्साहात चांगली माणसं ही चूक करून बसतात.

बालकल्याण समिती म्हणजे काय? पोलिस की कोर्ट?

दोन्हीच्या मधलं काही तरी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ती एक खंडपीठ आहे आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला. महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसायचं असतं.

एक गोष्ट पोलिस पाटलांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांनी लक्षात ठेवावी. सापडलेलं, टाकून दिलेलं, अनाथ मूल कोणाच्या हाती आलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ला कळवा, पोलिसांना, समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. न कळवणं हा गुन्हा आहे. त्या दिवशी समितीची बैठक नसेल तर मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येतं. ‘आज समिती नाही, सोमवारी या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

समिती चौकशीचा आदेश देते. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. हा अहवाल लिहिणारा माणूस तुमच्या घरी येईल, शेजाऱ्यांना भेटेल, शाळेत जाईल. त्याच्याशी मोकळेपणाने बोला. ‘आईवडील दोघे भांडतात’ एवढं सांगून समितीला काही ठरवता येत नाही. मूल कोणाजवळ झोपतं, सकाळी कोण जेवू घालतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, अशा साध्या गोष्टींवर निर्णय उभा राहतो.

म्हणजे गरिबीमुळे माझी मुलं उचलून नेऊन आश्रमात ठेवतील?

हा प्रश्न विचारताना बायकांचा आवाज कापतो, म्हणून सरळ सांगतो. मूल शक्यतो आपल्याच घरात वाढावं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे बाल न्याय कायद्याचं मूलतत्त्व आहे. घरात मुलाला मारहाण, अत्याचार होत असेल, जिवाला धोका असेल, तर समिती वेगळा विचार करेल. पण घर गरीब आहे, बाई एकटी आहे, हे मूल काढून घेण्याचं कारण होत नाही. उलट अशा घरांना मदत मिळवून देणं ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

ती मदत म्हणजे मुख्यतः क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. अनाथ मुलं, एका पालकाची मुलं, आईवडील गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं, अशांसाठी ती आहे. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्वाचे, म्हणजे मुलाच्या खर्चाला मदत म्हणून, महिन्याला ४,००० रुपये मिळण्याचीही तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा आणि आदेश बालकल्याण समिती काढते. कागदं लागतात: मृत्यूचा दाखला, मुलाचं बोनाफाईड, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, बँक खातं. विधवा बाई या दाखल्यांसाठी मजुरी बुडवून तालुक्याला पाच पाच खेपा घालते. यातले निम्मे कागद ग्रामपंचायत आणि तलाठी एका सकाळी देऊ शकतात. ग्राम बाल संरक्षण समितीने गावातल्या अशा सगळ्या घरांची यादी करून एकाच दिवशी अर्ज भरून घेतले तर गावासाठी ते मोठंच काम होईल.

आम्ही ऊसतोडीला जातो. पोरांची शाळा बुडते. जबाबदारी गावच्या शाळेची की कारखान्याकडच्या?

दोन्हीकडची, आणि हे कायद्यात लिहिलेलं आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. बीडहून टोळी दिवाळीच्या आसपास निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर उतरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. या मधल्या महिन्यांत दुसरी-तिसरीतली पोरं धाकट्या भावंडांना सांभाळत कोपीत (झोपडीत) बसतात, बारा-तेरा वर्षांची मुलं मोळ्या बांधतात. त्यांच्या हाजरीचा कागद मात्र कधी कधी गावच्या शाळेत भरलेला असतो. त्या खोट्या हाजरीचा फटका मुलालाच बसतो, कारण कागदावर ते वर्गात असतं आणि मग कोणी त्याला शोधायला जात नाही.

काय करायचं? निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. फडाजवळच्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही, वर्ष अर्धं सरलं, वयाचा पुरावा नाही, यातल्या कोणत्याही कारणाने ६ ते १४ वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि त्याला वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं. ज्यांची मुलं गावीच आजी-आजोबांकडे राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत पावसाळ्यातच नोंदवा. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतल्यावर मग धावपळ करून उपयोग होत नाही.

मुलगी मागे ठेवायची सोय नाही, फडावर ती सुरक्षित नाही, म्हणून लवकर लग्न, आणि शिवाय नवराबायकोचा एक नवा कोयता तयार (ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता). या भागातल्या बालविवाहांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. म्हणून वसतिगृहाच्या मागणीला आम्ही इतकं महत्त्व देतो.

शाळेत मुलाला मारतात. कोणाकडे जायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, व्यवहारात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. इजा गंभीर असेल तर तीन महिने थांबू नका, आधी सरकारी दवाखाना आणि पोलिस ठाणं.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आहे. खात्री नाही. तरी सांगायचं?

सांगायचंच. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे हे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. शहानिशा करणं तुमचं काम नाही. मुलाला वारंवार विचारून तर मुळीच बघू नका. दर वेळी त्याला ते पुन्हा भोगावं लागतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. गावात बैठक बसवून ‘मिटवणं’ हेही दडपणंच आहे, मग त्या बैठकीत कितीही मोठी माणसं बसलेली असोत.

पोलिसांची कर्तव्यं नीट माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात थांबवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर ‘झिरो एफआयआर’ (हद्द कोणतीही असली तरी नोंदवून घ्यायची फिर्याद) घ्या म्हणा.

मूल हरवलं तर २४ तास थांबावं लागतं का?

मुळीच नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. लगेच जा, फोटो घेऊन जा.

नात्यातल्या बाईला पाचवं मूल होतंय, ते आम्ही घेतो. स्टँपपेपरवर लिहून घेतलं तर चालेल ना?

चालत नाही. स्टँपपेपरने मूल दत्तक जात नाही. कायदेशीर प्रक्रिया टाळून मूल देणं-घेणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. नात्यातलं दत्तकही रीतसर करता येतं. आई स्वतः मूल समितीकडे सोपवत असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि ते तिला मिळायलाच हवेत.

मुलांचं झालं. घरात म्हाताऱ्या माणसांना कोणी बघत नाही, त्यांचं?

२००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, वकील लागत नाही. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो.

सगळं केलं, पोच आहे, तरी कोणी हलत नाही.

ग्रामसेवक हलत नसेल तर गटविकास अधिकारी. बाल संरक्षण कक्ष हलत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी. बालकल्याण समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर जिल्हाधिकारी, कारण कायद्याने तक्रार निवारणाचे अधिकार त्यांच्याकडेच आहेत. समितीचा आदेश मान्य नसेल तर बहुतेक बाबतींत ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. प्रत्येक अर्जाला आधीच्या अर्जाच्या पोचेची झेरॉक्स जोडा आणि ‘यावर काय कार्यवाही झाली’ असा माहिती अधिकाराचा अर्ज सोबत टाका. त्यानंतर फाईल सहसा हलते.

मी सोळा वर्षांची आहे. मोठ्या माणसाशिवाय मी स्वतः फोन करू शकते का?

हो. १०९८ तुझ्यासाठीच आहे. कोणाचाही फोन चालेल, बॅलन्स नसला तरी लागेल. नीट बोलता आलं नाही, रडू आलं, मध्येच ठेवावा लागला, तरी काही बिघडत नाही. पुन्हा लाव. फोन हाताशी नसेल तर वर्गशिक्षिकेला, अंगणवाडीतल्या ताईंना किंवा आशाताईंना एका चिठ्ठीवर एवढंच लिहून दे: ‘मला मदत हवी आहे.’